हिवाळ्याची पेटी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी गाडीची हिवाळ्याची तयारी करते. क्रम ठरलेला आहे. आधी उन्हाळी चाकं उतरवून खिळ्यांची चढवायची. मग बॅटरी घरात आणून चार्ज करायची. इंजिनातलं न गोठणारं पाणी उणे चाळीसला तग धरेल का ते तपासायचं. दारांच्या रबरी पट्ट्यांना ग्लिसरीन चोळायचं, नाहीतर दार चौकटीला चिकटून गोठतं आणि ओढलं की पट्टी हातात येते. फावडं, दोर, वाळूची दोन पोती. आणि सगळ्यात शेवटी पेटी.

गाडी हॉस्पिटलची, पण ती राहते माझ्या घरामागच्या विटांच्या गॅरेजमध्ये. मी झारकुदुकला एकटी राहते आणि पेशंटही झारकुदुकचेच आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना डायलिसिससाठी अत्बासारला न्यायचं, चार तास मशीनवर बसवायचं, परत आणायचं. एका बाजूचे शहाण्णव किलोमीटर. मध्ये एक बंद पडलेला धान्याचा कोठार-मनोरा आणि वाऱ्याला आडवी लावलेली एल्मची झाडं सोडली तर काही नाही. जुनी बुखान्का आहे, पावाच्या लादीसारखी दिसणारी. हीटर चांगला आहे, बाकी सगळं वाजतं.

गेल्या वर्षी पेशंट तीन होते. तुर्सिनखान अता, म्हणजे आजोबा, वय एकाहत्तर. तीस वर्षं त्यांनी याच रस्त्यावर बर्फ सारायचं ग्रेडर चालवलं होतं. आता ते माझ्या मागच्या सीटवर बसून माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवायचे. झामाल अपाय, म्हणजे झामाल बाई, शाळेत भूगोल शिकवायच्या. मीही त्यांच्या वर्गात होते, आणि अजूनही त्यांनी हाक मारली की माझी पाठ आपोआप ताठ होते. तिसरा कुआंदिक, तेहतीस वर्षांचा वेल्डर. अत्बासारला पोहोचेपर्यंत तो जेमतेम चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन खिडकीबद्दल असायची.

पेटी लोखंडी, हिरवी, मागच्या सीटखाली मावेल एवढी. त्यात काय असावं याची यादी डायलिसिसच्या नर्सनं मला करून दिली होती, कारण माझ्या प्रवाशांना वाटेल ते चालत नाही. सुक्या जर्दाळूंना बंदी, मनुकांना बंदी, कुर्तला, म्हणजे सुक्या दह्याच्या खारट गोळ्यांना, बंदी. साखरेचे खडे, बिनमिठाची बिस्किटं, चहा. पाणी मोजून, एका वेळी अर्धा मग, त्याहून एक घोट जास्त नाही. याशिवाय सहा जाड मेणबत्त्या, काडेपेट्या, बर्फ वितळवायला छोटं पातेलं, सुक्या इंधनाच्या वड्यांचं एक पाकीट, दोन लोकरी ब्लँकेटं, नमद्याच्या, दाबलेल्या जाड लोकरीच्या, बुटांचा एक जोड आणि एनॅमलचे चार पांढरे मग.

भरून झाल्यावर हॉस्पिटलच्या गॅरेजचे प्रमुख गेन्नादी पावलोविच पेटीच्या कडीत तार ओवून तिला शिशाचं सील लावायचे. कारण सरळ होतं. आधीच्या ड्रायव्हरांनी डिसेंबर उजाडायच्या आत साखर संपवलेली असायची.

गेल्या वर्षी चौदा ऑक्टोबरला पहिली तपासणी झाली. बाहेर सहा अंश होतं, कोरडं, ऊन पडलेलं. गेन्नादी पावलोविचनी सील पाहिलं, त्यावरचा आकडा वहीशी ताडला, तार कापली आणि झाकण उघडलं. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले की चहा प्यायचा होता तर ऑफिसात यायचं, किटली तिथे दिवसभर चालूच असते.

दोन मेणबत्त्या अर्ध्या जळलेल्या होत्या. इंधनाच्या वड्यांचं पाकीट रिकामं होतं. साखर कमी झालेली. पातेल्याच्या बुडाला काजळी होती, आणि ब्लँकेट हाताला ओलं लागलं.

मी म्हटलं, तुम्हीच सील लावलंत, तुम्हीच कापलंत. त्यांनी पुन्हा सील पाहिलं, दातांनी चावून पाहिलं, आणि बहुतेक भरतानाच जुनं सामान घातलं गेलं असेल असं म्हणून वहीत तसं लिहिलं. मलाही ते पटलं. माणूस सवयीनं काम करतो तेव्हा काय करतो हे त्याला आठवत नाही. मी पेटी नव्यानं भरली, प्रत्येक वस्तू मोठ्यानं उच्चारून. त्यांनी नव्यानं सील लावलं.

दोन दिवसांनी पेटी हलवताना आत काहीतरी गडगडलं. मी तार कापली. वड्या संपल्या होत्या. तीन मेणबत्त्या जळालेल्या. नमद्याचे बूट आत हात घालून पाहिले तर तळाशी गार, ओले. त्यांना वितळलेल्या बर्फाचा आणि माणसाच्या पायाचा वास येत होता. त्या वर्षी बर्फ अजून पडलाच नव्हता.

मी घाबरट नाही. माझे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे आणि त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली: आवाज आला की आधी बोल्ट बघ. मी गॅरेजचं कुलूप बदललं. जमिनीवर पीठ पसरलं. पिठावर उंदराचंही पाऊल उमटलं नाही, आणि पेटीतली साखर गेली. तेव्हा मी पेटी घरात आणून माझ्या पलंगाशेजारी ठेवली. सकाळी सहाला उठून उघडली. पातेलं अजून कोमट होतं.

चौथ्या खेपेला मी ती गेन्नादी पावलोविचच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवायला लावली. ते हसले, पण त्यांनी ठेवली, आणि किल्ली खिशात घालून घरी गेले. पुढच्या फेरीला मी पोहोचले तेव्हा पेटी ऑफिसच्या बाहेर, पायरीवर होती. ते दारात सिगारेट ओढत उभे होते.

"घेऊन जा," ते म्हणाले. "सील वगैरे आता राहू दे. जे लागेल ते स्टोअरमधून घेत जा, मी सही करीन. पण इथे ठेवू नको."

मी विचारलं काय झालं. ब्लँकेटच्या घडीत बर्फ होता, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतर मी पेटीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. कोण येतं हे कळत नसेल तर काय नेतं ते तरी नीट बघावं. साखरेचे खडे कमी होत होते, पण उरलेल्यांत काही खडे बरोबर मधोमध कापलेले असायचे. बिस्किटांचा पुडा फाडलेला नसायचा, घडी घालून परत बंद केलेला असायचा. जो कोणी होता तो हावरट नव्हता. तो पुरवून पुरवून वापरत होता.

आणि मग. चारांपैकी तीन मगांना आतून चहाचा डाग असायचा. एका मगात डाग काठापर्यंत. दोन मगांत बरोबर अर्ध्यावर. चौथा मग कोरा.

अर्धा मग. माझ्या गाडीबाहेर कोण मोजून अर्धा मग पितं?

मी चारही मगांच्या कानांना लोकरीचे धागे बांधले. लाल माझा, निळा अतांचा, हिरवा कुआंदिकचा, पांढरा झामाल अपायचा. सकाळी लाल मगात डाग काठापर्यंत होता, निळ्या आणि हिरव्यात अर्ध्यावर. पांढरा कोरा. पुढच्या वेळी धागे काढून टाकले आणि मगांच्या बुडाशी पेन्सिलीनं बारीक अक्षरं लिहिली. तेच. अपायचा मग कोरा.

हे मी सगळ्यात आधी तुर्सिनखान अतांना दाखवलं, कारण त्या रस्त्यावर बुरानमध्ये, बर्फाच्या वादळात, अडकलेल्या गाड्या त्यांच्याइतक्या कोणी उघडलेल्या नाहीत. शुक्रवारी परतल्यावर बाकीच्यांना सोडून मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं. पेटीत असं होतंय, इतकंच सांगितलं. मगांवर काय लिहिलं होतं ते नाही. मला वाटलं होतं ते थट्टा करतील. त्यांनी चष्मा लावला, उकिडवे बसले, आणि एकेक वस्तू बाहेर काढून जमिनीवर मांडली. साखरेचा कापलेला खडा बराच वेळ बोटांत धरून ठेवला.

"तिघं आहेत," ते म्हणाले. "दुसरा दिवस असेल. साखर अर्धी करतायत, म्हणजे त्यांच्यात कोणीतरी शहाणं आहे. अजून घाबरलेले नाहीत. घाबरलेली माणसं पुडा फाडतात."

मी म्हटलं, अता, हे माझ्या गॅरेजमध्ये होतंय. बाहेर दहा अंश आहे.

"ते मला दिसतंय."

"मग मी काय करू?"

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "जे जाईल ते भरत राहा. दुसरं काय करणार?" दारापाशी थांबून ते म्हणाले, "आणि ते दुसऱ्या गिअरचं बघ जरा. माझी म्हैस याहून हळू चालायची, पण आवाज नाही करायची." त्यांनी आयुष्यात कधी म्हैस पाळली नव्हती.

झामाल अपायना सांगणं कठीण होतं. मी खोटं बोलायचं ठरवलं. त्यांची भाची अत्बासारला हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर राहते. मी म्हटलं की मागचा हीटर बिघडलाय, भाग जानेवारीपर्यंत मिळणार नाही, तेव्हा हिवाळाभर तुम्ही तिच्याकडे राहिलात तर बरं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग हात पुढे करून मागच्या हीटरच्या जाळीवर धरला. जाळीतून गरम हवा येत होती.

"सातवीतही तू असंच करायचीस," त्या म्हणाल्या. "आता खरं सांग."

मी सांगितलं. मगाचंही. त्या खिडकीतून एल्मच्या झाडांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या की कोऱ्या मगावरून एवढंच कळतं की त्यातून कोणी प्यालं नाही, त्याच्यापुढचं सगळं मी माझ्या मनानं लिहिलंय. प्रश्न पूर्ण वाचायची सवय मला तेव्हाही नव्हती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी उगीच आरसा पुसला.

"जाईन मी भाचीकडे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी नाही. मला रस्त्यात काही झालं तर तू उरलेलं आयुष्य तो मग धूत बसशील."

एक नोव्हेंबरला मी त्यांना दोन सुटकेसांसह भाचीच्या दारात सोडलं. चार तारखेला पेटी पुन्हा रिकामी निघाली. मी भरली. ती नववी वेळ होती. त्यानंतर पेटीला काही झालं नाही. रोज सकाळी उघडून बघायचे: सहा मेणबत्त्या अखंड, ब्लँकेटं कोरडी, वड्यांचं पाकीट चिकटवलेलं. पंधरा दिवस, महिना. बर्फ पडला, रस्ता पांढरा झाला. मला वाटलं, टळलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या बुधवारी आम्ही दुपारी एकला अत्बासारहून निघालो. उणे अठरा, आकाश स्वच्छ, नाक्यावरचा दांडा वर होता, म्हणजे रस्ता खुला. तुर्सिनखान अता आणि कुआंदिक दोघंच मागे. कोठार-मनोरा ओलांडला तेव्हा रस्त्यावरून बर्फाची बारीक धूळ सरपटत चालली होती, गुडघ्याच्याही खाली. अतांनी मागून सांगितलं, "वळवू नको आता. मागे जास्त आहे." वीस मिनिटांत मला गाडीचं बोनेट दिसेनासं झालं. पुढे कुठेतरी चाकं ढिगात रुतली आणि गाडी थांबली.

काय करायचं ते मला पाठ होतं. गाडी सोडायची नाही. वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. कमरेला दोर बांधून बाहेर जायचं आणि धुराची नळी बर्फातून मोकळी करायची, मगच इंजिन चालू करायचं, तासातून दहा मिनिटं. फोन लागला, मी जागा सांगितली, आणि पलीकडच्या माणसानं सरळ सांगितलं की वारा पडेपर्यंत ग्रेडर निघणार नाही.

संध्याकाळी मी पेटी उघडली. सगळं जागच्या जागी होतं. पातेल्यात बर्फ वितळवून चहा केला. माझा मग काठोकाठ भरला, त्या दोघांचे अर्धे. अतांनी खिशातला चाकू काढून साखरेचा खडा मधोमध कापला. कापून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कुआंदिक दोघांकडे पाहत होता.

वड्यांचं पाकीट मी काटकसरीनं वापरायचं ठरवलं होतं, पण वारा खिडकीतून येऊन ज्योत वाकवत होता आणि एकेका पातेल्याला चार चार वड्या जात होत्या. पहाटेपर्यंत पाकीट संपलं. तीन मेणबत्त्या जळाल्या. मी सगळं पेटीत ठेवून झाकण लावलं.

गुरुवारी उजाडल्यावर बिस्किटं काढायला झाकण उघडलं तर आत सहा मेणबत्त्या होत्या. अखंड. वड्यांचं पाकीट चिकटवलेलं. ब्लँकेटं आमच्या अंगावर होती, आणि पेटीत आणखी दोन होती, कोरडी, माझ्याच हातची घडी.

कुआंदिकनं वाकून पाहिलं. मेणबत्त्यांना बोट लावून मोजल्या.

"एक झाली," मी स्वतःशी म्हटलं.

गुरुवारी दिवसभर ती तीनदा भरली. रात्रीतून दोनदा. आम्ही वापरायचो, झाकण लावायचो, थोड्या वेळानं उघडायचो. त्या दोघांनी मला काही विचारलं नाही. कुआंदिक फक्त दर वेळी झाकण लावायच्या आधी पेटीतला फाटका कागद, काडी, जळकी वात नीट एका कोपऱ्यात गोळा करून ठेवायला लागला, दुसऱ्याच्या घरी पाहुणा ठेवतो तसा.

शुक्रवारी पेट्रोल संपलं.

त्या दिवशी अत्बासारला मशीनवर दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या असणार. अतांचा चेहरा सुजायला लागला. श्वास आवाज करत होता. त्यांनी चहा नको म्हटलं, मग मी चमच्यानं ओठ ओले केले. ते मधूनमधून रस्त्याबद्दल बोलायचे, कुठल्या खांबापाशी वारा कसा वळतो वगैरे, आणि मध्येच एकदा शुद्धीवर असल्यासारखे म्हणाले, "झामालला बाहेर ठेवलंस ते बरं केलंस. चौघांना हवा पुरली नसती."

मी मोजत होते. शुक्रवारी दुपारी सहा. संध्याकाळी सात. रात्री आठ.

शनिवारी पहाटे नववी.

मी त्या दोघांना सांगितलं नाही की पुढची नाही.

सहा मेणबत्त्या एकदम लावल्या नाहीत. एक लावली. ती संपताना तिच्यावर दुसरी. वारा तसाच होता. खिडक्यांच्या आतून बोटभर बर्फ चढला होता आणि त्यातून उजेड निळा येत होता.

पाचवी.

सहावी.

ती विझली तेव्हा मी पेटीचं झाकण लावलं. थांबले. शंभर आकडे म्हटले. उघडलं.

कोपऱ्यात कुआंदिकनं गोळा केलेला कचरा होता. बाकी काही नव्हतं.

"ताई," कुआंदिक म्हणाला. तोपर्यंत त्यानं मला कधी काहीच म्हणून हाक मारली नव्हती. "आवाज."

मी ऐकलं. आवाज नव्हता. वारा थांबला होता. आणि मग, खूप लांबून, ग्रेडरचं पातं डांबरावर घासल्याचा आवाज.

अता दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते आणि वाचले. कुआंदिक तिसऱ्या दिवशी घरी गेला. झामाल अपाय मला भेटायला वॉर्डात आल्या, सोबत भाचीनं केलेलं सूप. कोऱ्या मगाच्या वादात त्या जिंकल्या होत्या, पण तसं त्यांनी बोलून दाखवलं नाही. माझ्या हाताच्या बोटांना पट्ट्या होत्या म्हणून त्यांनी मला सूप भरवलं आणि म्हणाल्या, आता मला माझ्या घरी ने. मी नेलं.

हे इथेच संपलं असतं तर मी कुणाला सांगितलं नसतं. आमच्याकडे बुरानच्या गोष्टी प्रत्येकाकडे आहेत.

या वर्षी वीस एप्रिलला मी पेटी उन्हाळ्यासाठी रिकामी करायला घेतली. बाहेर बर्फ गेला होता, स्तेपच्या माळावर पिवळे ट्युलिप उमलले होते. मी झाकण उघडलं. वड्या नव्हत्या. मेणबत्त्या नव्हत्या, मेणाचे ठिपकेही खरवडून घेतलेले. ब्लँकेट बर्फानं कडक झालं होतं, ते मी उन्हात दोरीवर टाकलं तेव्हा त्यातून पाणी गळलं.

मी पेटी भरली. दुसऱ्या सकाळी पुन्हा रिकामी. पुन्हा भरली.

नऊ खेपा झाल्या तेव्हा मी वाट पाहिली. दहावी आली. एकोणिसावी आली. जूनमध्ये एक्केचाळीस झाल्या. साखरेचे अर्धे खडे आधी चतकोर झाले, मग त्यांचा चुरा व्हायला लागला, कागदाच्या चार सारख्या पुड्यांत बांधलेला. मगांना धागे बांधायचं मी सोडून दिलंय. कुणाचा कोरा राहतो ते मला बघायचं नाही.

जुलैत मी एक मेणबत्ती घेऊन तुर्सिनखान अतांकडे गेले. ती जळालेली नव्हती. तिच्यावर दातांच्या खुणा होत्या. ते आता फारसे हिंडत नाहीत, खिडकीशी बसलेले असतात. त्यांनी मेणबत्ती हातात फिरवली आणि किती खेपा झाल्या ते विचारलं. मी सांगितलं.

"मी सहा दिवसांचं बुरान पाहिलंय," ते म्हणाले. "असा हिवाळा नाही पाहिला." मग, "गाडी सोड, पोरी. दुसऱ्या कुणाला तरी दे."

"आणि पेटी कोण भरेल?"

त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात परत दिली. मी निघाले तेव्हा त्यांनी पुन्हा थांबवलं, मेणबत्ती परत घेऊन उजेडाशी धरून दाखवली. दातांच्या खुणा दोन तऱ्हेच्या होत्या. काही मोठ्या माणसाच्या. काही अगदी जवळजवळ, बारीक. दुधाच्या दातांच्या.

माझ्या गाडीत मूल कधी बसलेलं नाही. त्याला परवानगीच नाही. माझ्या घरात मूल नाही.

आता पुन्हा ऑक्टोबर आहे. चाकं चढवून झाली, पट्ट्यांना ग्लिसरीन लावून झालं. गेल्या आठवड्यात मी बाजारातून नमद्याच्या बुटांचा एक लहान जोड आणला, तीन-चार वर्षांच्या मुलाला होईल असा, आणि पेटीत सगळ्यात वर ठेवला.

सकाळी बूट तिथेच होते, ओले. दोन्हींच्या टाचा चाकूनं नीट, सरळ चिरलेल्या होत्या, पाय आत जावा म्हणून.

लहान पडले होते. शनिवारी मी दोन नंबर मोठे आणले.